फौजीची गाडी

गावात माझं नाव चांगलं आहे. बढाई मारत नाही — उलट या गोष्टीत ते नावच सगळ्यात मोठी अडचण आहे. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय, आणि मिशा पिकायला आलेले बाप्येसुद्धा मी समोरून आले की हातातली विडी पाठीमागं धरतात. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं म्हणतात लोक. तर त्या बाईंच्या पोटात गेली काही वर्षं एक गोष्ट आहे. नवऱ्याला सांगितलेली नाही. भावाला अर्धी ठाऊक आहे. देवापुढं बसते तेव्हा मी त्या विषयाच्या आसपासही फिरकत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका जुन्या गाडीची आहे. हसू नका. जुनी गाडी घेतलेल्या कुणालाही नुसतं विचारून बघा, काय हो, कशी चाललीय गाडी? माणूस चहा गार होईस्तोवर बोलतो. कुणाचा क्लच महिन्यात गेला, कुणाच्या दारातून खरवडून खरवडून पुट्टीच निघाली, कुणाचा मीटर मागं फिरवलेला. घेताना स्वस्त वाटते, महाग पडते ती नंतर. आमच्या भागात यावर एकच उपाय होता, आणि त्याचं नाव संपत.

संपतचं गॅरेज आमच्या फाट्यावर, कोरेगावला जाताना उजव्या हाताला. तो आणि आमचे हे — म्हणजे माझे मिस्टर, गाव त्यांना सुभेदार म्हणतं, तेव्हा नोकरीत होते, तिकडं वर सरहद्दीवर — दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. त्यामुळं मी संपतची वहिनी आणि तो माझा भावजी. आसपासच्या पाच-दहा गावांत जुनी गाडी घ्यायची तर संपतला दाखवल्याशिवाय कुणी बयाणा देत नसे. खिशात एक लोहचुंबक असायचं त्याच्या. पत्र्यावर टेकवत टेकवत फिरायचा; चिकटलं नाही की समजायचं, इथं पत्रा ठोकून पुट्टी भरलीय. मग इंजिन चालू करायला लावून बॉनेटला कान द्यायचा आणि डोळे मिटायचा. शेवटी एकच शब्द — घ्या, नाहीतर सोडा. बदल्यात नारळ आणि चहा. पैशाला हात लावायचा नाही. कान द्येवानं दिलाय, त्याचं पैसं कसं घ्यायचं, म्हणायचा.

आणि त्याचं आणखी एक म्हणणं होतं. गाडी मागनं बघायची, आदी मालक बघायचा. मास्तराची गाडी बरी, डॉक्टरची त्याहून बरी, आणि फौजीची असली तर बघत बसूच नये, घेऊन टाकावी. फौजी ऑइल तारखेला बदलतो, टायरात हवा मोजून भरतो, आणि गाडी पुसतो ती उद्या परेड असल्यासारखी. हे खोटं नाही बरं का. आमचे हे सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस मी कमी आणि गाडी जास्त, असं असायचं. पांढरी डिझेल गाडी होती आमची. कागदावर माझ्या नावाची, मागच्या काचेवर आर्मीचं स्टिकर. चालवायचे मीच, पण गावाच्या तोंडी ती फौजीची गाडी.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे — जरा दम खाऊ द्या.

माझं माहेर सांगली. नदीपासून फार लांब नाही भावाचं घर. पंचमीला मी दरवर्षी माहेरी जाते, त्या वर्षीही गेले, स्वतः गाडी चालवत गेले. आणि त्या वर्षी कृष्णा आली. सांगलीतल्या जुन्या घरांत प्रत्येकाची पुराची एक खूण असते. आमच्याकडं ती होती तिसरी पायरी. केवढाही पूर येवो, तिसऱ्या पायरीला पाणी लागतं आणि परत फिरतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. भाऊ म्हणाला, ताई, गल्लीतले सगळे गाड्या मिरजेकडं उंचावर नेऊन लावतायत, तुझी पण काढू. मी म्हटलं, काही होत नाही रे, तिसरी पायरी आपली. शिक्षिकेला एकदा पाठ झालेलं कधी चुकीचं वाटतं का? दुसऱ्या दिवशी आम्ही होडीतून बाहेर पडलो. गाडीचं नुसतं छप्पर दिसत होतं, त्यावर कुणाचंतरी मांजर बसलेलं.

मिरजेला आतेबहिणीकडं होतो तेव्हा यांचा फोन लागला. सगळे सुखरूप ना, विचारलं. आहोत म्हटलं. मग त्यांनी गाडीचं विचारलं. आणि मी म्हणाले — गाडी गावाकडंच ठेवून आले, एसटीनं आले मी. इतकं सहज आलं ते तोंडात की माझं मलाच आश्चर्य वाटलं. का म्हणाले असेन? सांगते. जूनमध्ये गाडीचा विमा संपला होता. यांनी फोनवर तीन-तीनदा बजावलं होतं, फुल इन्शुरन्स करा, थर्ड पार्टीवर भागवू नका. मी थर्ड पार्टीवर भागवलं. फुल इन्शुरन्सचे पैसे वाचले त्यातून एक नारायणपेठ साडी घेतली स्वतःला, आणि यांना सांगितलं, केला हो फुल. म्हणजे पुरानं काही माझं तोंड बंद केलं नाही. ते जूनपासूनच बंद होतं.

आमचं घर मळ्यात, गावापासून सुटं. गाडी कधी शेडमध्ये असते, कधी नसते, कुणाला पत्ता लागत नाही. गावालाही मी तेच सांगितलं — गाडी इथं होती, वाचली बाई. बायका म्हणाल्या, नशीब तुमचं.

पूर ओसरल्यावर भावानं एक माणूस गाठला. त्या दिवसांत सांगलीत ओळीनं गाड्या उभ्या होत्या, दारं उघडी टाकलेल्या, आणि धुणारे, वाळवणारे, खोलणारे सगळ्यांना चांगले दिवस आलेले. त्या म्हाताऱ्या मेस्त्रीनं आमच्या गाडीच्या सीटा काढल्या, गालिचा काढला, इंजिन खोललं, आठवडाभर सगळं उन्हात घातलं. गाडी चालू झाली. आत नवीन कव्हरं घातली, वासाला कापराच्या पिशव्या ठेवल्या. न्यायला गेले तेव्हा म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, गाडी दिसायला झालीय बाई, पण सीटबेल्टचा पट्टा पुरता वढून कुणाला बघू देऊ नका. वरचा पट्टा आम्ही धुतलाय, पण आत जो गुंडाळून बसतो त्यात गाळ राहतोच, त्यो कुणाच्या बापाला निघत न्हाई.

ऐकलंत ना? म्हणजे मला माहीत होतं. नेमकं कुठं बघितलं की कळतं, हे मला बोट ठेवून शिकवलेलं होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका.

गाडी मी भर दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना घरी आणली. दिवाळीत हे सुट्टीवर येणार होते. यांची नजर माझ्यापेक्षा दहापट तिखट — एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. पूर, विमा, नारायणपेठ, सगळं. त्याआधी गाडी घालवायला हवी होती. मी संपतला निरोप धाडला की भावजी, गाडी काढायचीय, यांना आता मोठी हवीय. तो लगेच आला. म्हणाला, वहिनी, बाहीर कुणाला देऊ नका, आमचं दाजी गाडीच्या शोधात हायती.

दाजी म्हणजे संपतच्या बहिणीचे यजमान. बहीण शालन, दिलेली आटपाडीकडं. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागायचं, एसटीत बसवेना, म्हणून मेंढरं आणि डाळिंबाचा पैसा घालून गाडी घ्यायची होती. आणि इकडं आमच्या बाजूला का शोधत होते? कारण तिकडं त्यांच्या सांगली जिल्ह्यात पुरातल्या गाड्या धुऊन पुसून विकायला निघाल्या होत्या. एमएच दहाची पाटी दिसली की लोक लांबूनच हात जोडायचे. म्हणून दाजी मुद्दाम सातारा पाटीची, एमएच अकराची गाडी बघत होते. पुरातली फसवणूक नको म्हणून तो माणूस एवढा लांब माझ्या दारात आला.

मी म्हटलं होतं हो. खरंच म्हटलं होतं — भावजी, सोयऱ्यात व्यवहार नको. एकदा म्हटलं, आणि त्यानं ऐकलं नाही तेव्हा मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी ते आले. दाजी, शालन आणि संपत. शालननं माझ्यासाठी डाळिंबं आणली होती, पिशवीभर. ती मागच्या सीटवर बसून नव्या कव्हरवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, मामंजींना हितं आडवं बी होता येईल. संपतनं लोहचुंबक फिरवलं. सगळीकडं चिकटलं, पुराचं पाणी पत्रा ठोकत नाही. बॉनेटला कान लावला. इंजिन नुकतं खोलून बसवलेलं, गुणी पोरासारखं चालत होतं. मग त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आणि सवयीनं, दुसरीकडं बोलत बोलतच, त्याचा हात सीटबेल्टकडं गेला. वीतभर पट्टा ओढला त्यानं. आणखी हातभर ओढला असता की संपलं होतं.

मी काय केलं? ओरडले? घाबरले? छे. मी हसले. माझी जीभ अशा वेळी फार तयार असते, शाळेत इन्स्पेक्टरला गुंडाळलंय मी तिच्यावर. मी म्हणाले,

"काय भावजी, फौजीच्या गाडीची झडती घेताय व्हय? सुभेदार आले की सांगते बघा त्यास्नी."

बस. एवढंच. यात खोटं कुठं आहे, दाखवा. एकही शब्द खोटा नाही. थट्टा आहे नुसती, वहिनी-भावजीतली. पण संपतचा हात असा मागं आला जसा गरम तव्यावरून येतो. पट्टा आपोआप आत सरकला. कानापर्यंत लाल झाला तो. दाजींकडं वळून म्हणाला,

"घ्या दाजी. फौजीची गाडी हाय. डोळं झाकून घ्या."

मी आत जाऊन साखर आणली. सगळ्यांच्या हातावर घातली. माझ्या स्वतःच्याही.

दिवाळीत हे आले, गाडी चांगल्या माणसाला गेली म्हणून खूश झाले. मीही निवांत झाले. लाज वाटत होती का? थोडी. खोटं नाही बोलत, सुटका जास्त वाटत होती.

पाणी गाडीतून लगेच निघतं, पण वायरींत गेलेला गंज सावकाश चढतो, हे मला पुढं कळलं. दोन महिन्यांत डाव्या बाजूच्या काचा वर होईनात. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला, एकदा म्हणे मयताच्या मागं चालले होते आणि वाजत सुटला. मग दिवे, मग स्टार्टर. दर वेळी विट्याला नाहीतर मिरजेला नेऊन काहीतरी बदलायचं, आणि आठवड्यात दुसरं निघायचं. शेवटी ईसीएम गेलं — गाडीचा मेंदू म्हणतात त्याला, आणि मेंदूसारखंच ते स्वस्तात मिळत नाही. तेव्हा म्हातारे गाडीत होते. मिरजेच्या वाटेवर भर उन्हात तीन तास बसून राहिले, आणि मग दुधाच्या टेम्पोत घालून त्यांना पुढं न्यावं लागलं. वर्षभरात दुरुस्तीला गेलं ते गाडीच्या निम्म्या किमतीएवढं झालं. हे सगळं मला संपत सांगायचा, चहा पिताना, वाईट वाटून. मी च् च् करायचे.

विट्याच्या मेस्त्रीनं शेवटी तो पट्टा ओढला. पुरता ओढला. आत वाळलेला गाळ, बोटाला लागेल एवढा.

दुसऱ्या दिवशी संपत माझ्याकडं आला. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. तो खाली पायरीवर बसला, वर बसा म्हटलं तरी बसला नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, शेवटी पट्ट्यातल्या गाळाचं सांगितलं. मग म्हणाला, वहिनी, राग मानू नका, पन गाडी कवा सांगलीला गेलती का? एवढा एक प्रश्न. आणि मी मान वर न करता म्हटलं, नाही हो भावजी, इथंच होती शेडमध्ये. हे झालं सरळ खोटं, यात थट्टा नाही. इथं थांबले असते तरी... पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, गाळ निघालाय म्हणजे काहीतरी कारण तर द्यायला हवं. आणि मी पुढं म्हणाले, ओढ्याबिढ्यात घातली असेल त्यांनी, नवीन नवीन हात.

संपतचा चेहरा असा उजळला की काय सांगू. खरंच वहिनी, असंच असंल, म्हणाला. आणि बिचाऱ्यानं तिथंच माझ्या पायरीवर बसून दाजींना फोन लावला आणि माझं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं. तुमीच वड्यात घातली असंल.

तुम्ही आटपाडीकडं कधी गेलाय? मीही गेले नव्हते. मी कृष्णाकाठची पोर. माझ्या डोक्यात ओढा म्हणजे पाणी. फोनमधून दाजींचा आवाज मला ओट्यावर ऐकू येत होता. ओरडत नव्हते ते. म्हणाले,

"संपतराव, आमच्यात प्यायला टँकर येतोय. आन् तुमी मला म्हनताय वड्यात गाडी बुडिवली?"

फोन बंद झाला. त्यानंतर दाजींनी संपतशी बोलणं टाकलं. तिकडं असं ठरलं की मेव्हण्यानं फौजीकडनं दलाली खाल्ली आणि बहिणीच्या गळ्यात पुरातली गाडी मारली, आणि वर तिकडच्या दुष्काळाची थट्टा केली. इकडं आमच्या बाजूलाही कुजबुज पोचली. लोकांनी गाड्या दाखवायला आणणं हळूहळू बंद केलं. त्याचं त्याला फार वाटलं नसावं. पण भाऊबीजेला शालन आली नाही. संपत दोन दिवस फाट्यावर एसटी बघत बसला होता. त्याच भाऊबीजेला मी सांगलीला जाऊन भावाला ओवाळून आले.

आता ते सांगते, जे सांगायला बसले होते. आत्तापर्यंतचं तर काहीच नाही.

दिवाळीनंतर संपत आला आणि म्हणाला, वहिनी, तुमी शिकल्यालं मानूस, तुमच्या शब्दाला वजन हाय. येकदा माझ्यासंगं आटपाडीला चला. नुसतं येवढंच सांगा की गाडी पुरातली नव्हती. मी नाही म्हणू शकले असते. डोकं दुखतंय, गुडघा दुखतोय, काहीही. पण नाही म्हटलं तर संशय येईल असं वाटलं. गेले. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले, आणि वाटेत त्यानं मला दोनदा उसाचा रस पाजला.

शालनचं घर स्वच्छ सारवलेलं, अंगणात मेंढरांचा वाडा, आणि शेडखाली ती गाडी, वर पोती टाकलेली. मला पाणी दिलं, मान दिला, घोंगडीवर बसवलं. शालन मात्र चुलीपाशी उभी राहिली, भावाकडं बघेना. मी बोलले. तीस वर्षं वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, गाडी शेडमध्ये होती, मी एसटीनं गेले होते, वगैरे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हातारे — ज्यांना मिरजेला न्यायचं होतं ते — काठी टेकत उठले आणि देव्हाऱ्यापुढचं ताट घेऊन आले. ताटात भंडारा. हळदीचा, बिरोबाचा. त्यांच्यात तो हातात घेऊन जे बोलायचं त्यापुढं कोर्टकचेरी नाही. भंडारा उचलला की विषय संपला.

म्हाताऱ्यांनी ताट आधी माझ्यापुढं धरलं. मी म्हणाले, आजोबा, मी शिक्षिका आहे, मी असलं काही मानत नाही. आणि हे मी शांतपणे, जरा मोठेपणानंच म्हणाले. देव्हाऱ्यापुढं रोज तास-तासभर बसणारी बाई मी. म्हातारे म्हणाले, बरं बाई, तुमच्यावर सक्ती न्हाई. ताट त्यांनी तसंच धरून ठेवलं.

तेव्हा संपत पुढं सरकला. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मला विचारायला नाही हो. मला धीर द्यायला. वहिनीला कसं पेचात टाकलं या लोकांनी, असं होतं त्या बघण्यात. मग त्यानं मूठभर भंडारा उचलला, कपाळाला लावला, आणि बहिणीकडं बघून म्हणाला,

"शालन, गाडी पुरातली न्हाई. बिरोबाची आन."

मी त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते. ताट खाली ठेवायला म्हाताऱ्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्याकडं होता. मी माझ्या पदरावर उडालेला भंडारा झटकत होते.

खोटी शपथ संपतनं घेतली नाही. त्यानं त्याच्या समजुतीनं खरीच घेतली. खोटी होती ती माझी, आणि घातली त्याच्या तळहातावर. पण त्या घरात पट्ट्यातला गाळ सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. त्यांना काय दिसलं? पैशासाठी बहिणीला फसवलं ते फसवलं, वर देवाचा भंडाराही खोटा उचलला. दलाली एकवेळ पोटात घातली असती त्यांनी. हे नाही घातलं. शालननं तिथंच पदर तोंडाला लावला आणि आत गेली. ती आजतागायत माहेरी आलेली नाही. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, मुलीला मांडवात घेऊन यायचा मान मामाचा असतो. तो चुलतमामाला मिळाला. संपतला पत्रिका नव्हती.

आमचे हे आता रिटायर होऊन आलेत. संध्याकाळी दोघं मित्र आमच्या ओट्यावर बसतात. यांचं मत असं की संपत हुशार, पण त्या एका गाडीला चुकला बिचारा. माझ्याकडं बघून म्हणतात, काय गं? मी मान हलवते. होकारार्थी. माझी बाजू म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, शोधून बघितलं. भीती होती म्हणावं, तर कशाची? नवरा चार शब्द बोलला असता. त्या चार शब्दांसाठी मी एका माणसाची बहीण घालवली, आणि अजून रोज घालवते, कारण आज उठून फाट्यावर गेले तर दहा मिनिटांची वाट आहे.

मागच्या महिन्यात हे संपतला म्हणाले, बिरोबाच्या जत्रेला जाऊ या की, बरीच वर्षं झाली, तू तर कधी चुकवायचा नाहीस. संपत म्हणाला, मी आता जात न्हाई. हे हसले आणि फोन आला म्हणून आत गेले. ओट्यावर आम्ही दोघंच. संपत पुढ्यातल्या कपाकडं बघत, अजिबात दुःख न करता, एखाद्या गाडीचा बिघाड सांगावा तसा म्हणाला,

"वहिनी, भंडारा तर मी खरा उचलला हुता. तरी भैन तुटली. लय विचार केला म्या, ह्यात खोटं कोन? तुमी न्हाई, मी न्हाई. मग ऱ्हायला द्येवच की."

मी म्हणाले, "भावजी, चहा निवतोय."